शून्याचे शिक्कामोर्तब

मराठेशाहीतील पत्रे वाचू लागलेल्या अभ्यासकाला दोन शिक्क्यांची ओळख लवकर होते. एक पत्राच्या माथ्यावरची मुद्रा, आणि दुसरा मजकूर संपतो तेथे उमटवलेला मोर्तबाचा लहान शिक्का. शिवछत्रपतींच्या पत्रांखाली 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आढळतात; पेशवाईतील कागदांवर 'लेखनसीमा'. या शिक्क्याचे काम एकच. पत्र येथे संपले. यापुढे कोणी काही जोडले असेल तर ते मूळ पत्राचे नव्हे. मजकूर किती ओळींचा आहे हे आरंभी कोठेही नोंदलेले नसते. वाचणाऱ्याने वाचत जायचे आणि शिक्का दिसला की थांबायचे. पण शिक्का उमटवायचाच राहिला तर?

हा धागा त्या प्रश्नाचा आहे. मात्र त्याची कथा सातारा-पुण्याच्या दप्तरांत घडत नाही. ती अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत सुरू होते. तेथे १९६९ पासूनच्या चार-पाच वर्षांत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली घडवली आणि रिचींनी सी ही भाषा. आज हातातल्या फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत बहुतेक यंत्रांच्या तळाशी सी भाषेत लिहिलेला एक थर असतो. त्या थरात मजकूर, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या बोलीत स्ट्रिंग, साठवण्याची रीत मोर्तबाचीच आहे. लांबीची नोंद नाही. मजकूर संपला की एक शून्य बाइट ठेवायचा. संगणकांवरच्या अनेक गाजलेल्या घरफोड्यांचे मूळ या एका संकेतात आहे, आणि त्याभोवती साचलेला कोड साधा करण्याचे काम पन्नास वर्षांनंतरही संपलेले नाही.

रीत समजून घेण्यासाठी संगणकाची स्मृती म्हणजे एक अतिशय लांब चाळ आहे असे मानावे. ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीला क्रमांक, प्रत्येक खोलीत एक बाइट. रोमन लिपीतले चार अक्षरांचे नाव ठेवायचे तर पाच खोल्या लागतात: चार अक्षरांना चार आणि पाचवी शून्याला. (हे शून्य म्हणजे छापता येणारा '०' हा अंक नव्हे, ज्यातील आठही बिट कोरे आहेत असा बाइट.) प्रोग्रॅमच्या एका भागाने दुसऱ्याला ही स्ट्रिंग द्यायची म्हणजे फक्त पहिल्या खोलीचा क्रमांक द्यायचा. एकूण खोल्या किती, हे जाणून घ्यायचे असेल तर पहिल्या दारापासून शून्य सापडेपर्यंत चालत जावे लागते. सीमधले स्ट्रलेन हे फंक्शन नेमके हेच करते. शून्य ठेवायचे राहून गेले असेल, तर ते चालतच राहते आणि शेजाऱ्याचे सामान आपले समजून मोजू लागते. या चाळीत भिंती नाहीत.

हा संकेत अज्ञानातून आला नव्हता, हे आधी नोंदवले पाहिजे. सीची आजी शोभेल अशी बीसीपीएल ही भाषा इंग्लंडात मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६०च्या दशकात रचली. तिच्यात स्ट्रिंगच्या पहिल्या बाइटमध्ये लांबी लिहिलेली असे. थॉम्पसन यांनी तिच्यावरून बी ही आटोपशीर भाषा केली तेव्हा त्यांनी लांबीची नोंद काढून टाकली आणि शेवटी एक खूण ठेवण्याची पद्धत घेतली. सीने तीच पुढे चालवली. खुणेच्या जागी शून्य आले. रिचींनी १९९३ मध्ये सीच्या जडणघडणीचा जो इतिहास लिहिला, त्यात या बदलाची दोन कारणे दिली आहेत. लांबी आठ किंवा नऊ बिटांच्या कप्प्यात मावणारी असल्याने स्ट्रिंगच्या लांबीवर मर्यादा पडत असे, हे एक. आणि लांबीचा हिशेब सांभाळत बसण्यापेक्षा शेवटी खूण ठेवणे अनुभवाला सोयीचे वाटले, हे दुसरे.

त्या सोयीचा अर्थ त्या काळच्या यंत्राकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. १९७० मध्ये बेल प्रयोगशाळेत आलेल्या पीडीपी-११ या यंत्राची स्मृती होती २४ किलोबाइट. आजच्या फोनवरचे एक साधे छायाचित्र तिच्यात मावणार नाही. तेवढ्या जागेत कार्यप्रणाली, भाषांतरक आणि वापरणाऱ्यांचे प्रोग्रॅम असा सगळा संसार मांडायचा होता. शेवटच्या खुणेच्या रीतीत आणखी एक देखणेपण होते: कोणत्याही स्ट्रिंगचे शेपूट ही स्वतःच एक पूर्ण स्ट्रिंग असते. आरंभीची चार अक्षरे वगळायची तर पत्ता चार खोल्यांनी पुढे सरकवला की झाले. नक्कल करावी लागत नाही, नवी नोंद करावी लागत नाही.

२०११ मध्ये पॉल-हेनिंग कँप या डॅनिश प्रोग्रॅमरने एका लेखात या निर्णयाला संगणकाच्या इतिहासातील सर्वांत महागडी एका बाइटची चूक ठरवले. पत्ता आणि लांबी अशी जोडी ठेवली असती तर एखादा बाइट जास्त गेला असता, पण पुढचे सारे टळले असते, असा त्यांचा युक्तिवाद. लेख वाचनीय आहे. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे जरा थबकावेसे वाटते. २४ किलोबाइटच्या घरात राहणाऱ्यांचा हिशेब आजच्या गिगाबाइटांच्या वाड्यातून तपासणे म्हणजे गतकाळावर वर्तमानाची पट्टी ठेवणे. आणि तरीही त्यांना पूर्ण निर्दोष म्हणता येत नाही, कारण दुसरी रीत त्यांना ठाऊक होती, वापरून पाहिलेली होती, आणि त्यांनी ती जाणूनबुजून सोडली. खरा पेच कदाचित निर्णयात नसून त्याच्या आयुर्मानात आहे. आपापसांत ओळख असलेल्या मोजक्या संशोधकांनी एका खोलीतल्या यंत्रासाठी केलेला संकेत अनोळखी जगाच्या हाती गेला, आणि त्याबरोबर जी शिस्त जायला हवी होती ती गेली नाही.

त्या शिस्तीचे स्वरूप स्ट्रकॉपी या फंक्शनात स्वच्छ दिसते. एक स्ट्रिंग दुसऱ्या जागी उतरवण्याचे हे फंक्शन सीमध्ये एका ओळीत लिहिता येते. एक अक्षर उचला, तेथे ठेवा, दोन्हीकडे एक पाऊल पुढे जा, ठेवलेले अक्षर शून्य असेल तर थांबा. आवर्तनाच्या पोटात वेगळे काहीही लिहावे लागत नाही. सारे काम अटीतच उरकते. सी शिकणाऱ्या पिढ्यांनी ही ओळ पाहून 'वा!' म्हटले आहे, आणि ते योग्यच होते. पण जेथे नक्कल उतरवायची तेथे किती खोल्या रिकाम्या आहेत, हा प्रश्न ती ओळ कोणालाही विचारत नाही. तो हिशेब बोलावणाऱ्याने करायचा, दर वेळी, न चुकता. कोड साधा दिसतो तो यामुळे की त्याने आपला अवघड भाग दुसऱ्याच्या अंगणात टाकला आहे. पुढची सगळी कथा तो भाग परत कोणी उचलायचा याची आहे.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी उत्तर एका विद्यार्थ्याने जगाला दिले. कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला एक प्रोग्रॅम त्या काळच्या इंटरनेटवर यंत्रामागून यंत्रात शिरत गेला. शिरण्याच्या वाटांपैकी एक होती फिंगर नावाची सेवा. 'अमुक व्यक्ती या यंत्रावर आहे का' एवढेच विचारण्यासाठी ती होती. ती येणारा प्रश्न वाचत असे गेट्स या फंक्शनाने. (बिल गेट्स यांचा येथे संबंध नाही, 'स्ट्रिंग मिळवणे' एवढाच त्या नावाचा अर्थ.) गेट्सला जागा किती आहे हे सांगण्याची सोयच नव्हती, ओळ जेवढी येईल तेवढी ते उतरवून घेई. फिंगरने राखून ठेवलेली जागा होती ५१२ बाइटांची. मॉरिसच्या प्रोग्रॅमने पाठवले ५३६. वरचे २४ बाइट शेजारच्या खोल्यांत सांडले, आणि त्या खोल्यांत 'हे काम संपल्यावर कोठे परतायचे' हा पत्ता लिहिलेला होता. तो पत्ता बदलला की यंत्र पाहुण्याच्या आज्ञेत आले.

बाधित यंत्रांचा आकडा सहसा सुमारे ६,००० दिला जातो. तो मुळात अंदाजच आहे. मॉरिसवर खटला चालला आणि १९९० मध्ये त्याला तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली. त्याचे वडील रॉबर्ट मॉरिस हे स्वतः बेल प्रयोगशाळेत युनिक्सवर काम केलेले आणि पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत गेलेले तज्ज्ञ होते, ही गोष्ट कादंबरीत आली असती तर ओढूनताणून आणली असे वाटले असते. गेट्स हे फंक्शन सीच्या अधिकृत मानकातून बाहेर पडायला २०११ साल उजाडावे लागले. तेवीस वर्षे!

या धड्यानंतर प्रोग्रॅमर स्वाभाविकपणे असे फंक्शन शोधू लागले ज्याला मर्यादा सांगता येते. हाताशी होते स्ट्रएनकॉपी. 'एन' म्हणजे जास्तीत जास्त किती बाइट उतरवायचे ती संख्या. पाठ्यपुस्तकांनी, वरिष्ठांनी, तपासनीसांनी सांगितले की स्ट्रकॉपी धोक्याचे आहे, त्याऐवजी स्ट्रएनकॉपी लिहा. आणि येथे या इतिहासातला सर्वांत दीर्घ गैरसमज सुरू झाला.

स्ट्रएनकॉपी हे स्ट्रकॉपीचे सुरक्षित भावंड म्हणून जन्मलेच नव्हते. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत प्रत्येक फाइलची नोंद १६ बाइटांच्या पट्टीत असे. दोन बाइट फाइलच्या क्रमांकाला, चौदा तिच्या नावाला. नाव पूर्ण चौदा अक्षरांचे असेल तर शेवटी शून्य ठेवायला जागा नाही आणि गरजही नाही, कारण रकान्याची लांबी ठरलेलीच आहे. नाव लहान असेल तर उरलेल्या सगळ्या खोल्या शून्यांनी भरायच्या, म्हणजे दोन पट्ट्या बाइटशः ताडून पाहता येतात. स्ट्रएनकॉपी नेमके हे दोन्ही करते. रकान्यासाठी ते चोख आहे. स्ट्रिंगसाठी वापरले की दोन्ही गुण दोष होतात: मजकूर जागेएवढा किंवा मोठा असेल तर मोर्तब उमटत नाही, आणि १,०२४ बाइटांच्या जागेत पाच अक्षरांचे नाव ठेवले तर ते निमूटपणे १,०१९ शून्ये लिहीत बसते.

जुन्या कागदांत 'राजकारण' हा शब्द वाचून आजचा अर्थ घेणाऱ्याची जी फसगत होते, तीच ही. शब्द तोच राहिला, ज्या व्यवहारासाठी तो घडला तो व्यवहार लोपला. फरक एवढाच की बखरीचा अर्थ चुकला तर प्रबंधावर शेरा पडतो.

परिणामी जगभरच्या कोडमध्ये एक विचित्र दुओळी रूढ झाली. एकूण जागेतून एक वजा करून स्ट्रएनकॉपी बोलवायचे, आणि लगेच पुढच्या ओळीत शेवटच्या खोलीत हाताने शून्य ठेवायचे. कोणी वजाबाकी विसरे, कोणी दुसरी ओळ, तर कोणी दोन वेळा वजाबाकी करी. मजकूर कापला गेला की नाही हे कळायला मार्ग नव्हताच. १९९६ मध्ये ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या मंडळींनी आपल्या सगळ्या कोडची ओळीओळीने झडती घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांना अशा जागा पदोपदी सापडल्या. चुका करणारे सगळेच नवशिके नव्हते. एवढी माणसे एकाच दगडाला ठेचकाळत असतील तर दोष पायांचा नसून दगडाचा आहे, असा निष्कर्ष टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी काढला, आणि स्ट्रएलकॉपी व त्याचे जोडीदार स्ट्रएलकॅट ही दोन फंक्शने लिहिली. डिसेंबर १९९८ च्या ओपनबीएसडी २.४ मध्ये ती आली. पुढच्या वर्षी त्यांनी युसनिक्सच्या परिषदेत त्यांवर निबंध वाचला.

बदल बाहेरून किरकोळ दिसतो. स्ट्रएलकॉपीला पूर्ण जागेचा आकडा द्यायचा, वजाबाकी नाही. जागा शून्य नसेल तर शेवटी शून्य ठेवण्याची हमी त्याची, बोलावणाऱ्याची नाही. आणि परत येताना ते मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी सांगते. ती दिलेल्या जागेएवढी किंवा अधिक असेल तर मजकूर कापला गेला हे एका तुलनेत कळते. दुओळीची एक ओळ झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्ट्रकॉपीने पंचवीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या अंगणात टाकलेले ओझे फंक्शनाने परत आपल्या खांद्यावर घेतले. लायब्ररीतला कोड किंचित लांबला. तिला वापरणारा हजारो ठिकाणचा कोड आखूड झाला. कोड साधा झाला की नाही हे कोठे उभे राहून पाहिले यावर ठरते, हे येथे लख्ख दिसते.

इतर बीएसडी, सोलारिस, ॲपल यांनी ही फंक्शने घेतली. लिनक्सवर सर्वत्र वापरली जाणारी ग्नूची सी लायब्ररी मात्र अडून बसली. २००० साली तिचे प्रमुख उलरिख ड्रेपर यांनी प्रस्ताव तिखट शब्दांत फेटाळला. भाषेतला कडवटपणा बाजूला ठेवला तर आक्षेपात दम होता. ज्याला आपल्या मजकुराची लांबी ठाऊक आहे त्याला या फंक्शनाची गरज नाही. ज्याला ठाऊक नाही त्याचा मजकूर ते गुपचूप कापून टाकील. फाइलचा अर्धवट मार्ग हा भलत्याच फाइलचा पूर्ण मार्ग असू शकतो. सांडण्याचा धोका टळतो, त्या जागी कापण्याचा येतो.

कापण्याचा अर्थ मराठी वाचकाला अधिक जवळून कळावा असा आहे. आज मराठी मजकूर बहुतेक सर्वत्र यूटीएफ-८ या संकेतात साठवला जातो, आणि त्या संकेताच्या जन्मातही हेच शून्य आहे. सप्टेंबर १९९२ मध्ये थॉम्पसन यांनी न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात रॉब पाइक यांच्यासमोर, ताटाखालच्या कागदावर तो आखला. जगातल्या सगळ्या लिप्या सामावून घेणारा, पण जुन्या सी प्रोग्रॅमांना न मोडणारा संकेत हवा होता. त्यामुळे त्यात काळजी घेतली गेली की कोणत्याही अक्षराच्या पोटात शून्य बाइट येऊ नये. नाही तर प्रत्येक स्ट्रकॉपी पहिल्याच परक्या अक्षरावर मोर्तब समजून थांबले असते. वीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच निर्णयाला थॉम्पसन यांनी दिलेली ही मानवंदना म्हणावी की चुकवलेला हप्ता, हे ज्याने त्याने ठरवावे.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते मूळाक्षर असो, मात्रा असो वा हलन्त, तीन बाइट घेते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. स्ट्रलेन त्याची लांबी १५ सांगेल. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतल्या चौदा बाइटांच्या रकान्यात हे नाव एका बाइटाने मावत नाही. तेथे स्ट्रएनकॉपी वापरले तर वेलांटीचे दोन बाइट उरतात, तिसरा जातो, आणि पडद्यावर 'मराठ' या अक्षरांपुढे एक प्रश्नांकित चौकोन उमटतो. सरकारी अर्जांवर, तिकिटांवर, पावत्यांवर आपल्या नावाच्या शेवटी असा चौकोन पाहिलेली माणसे महाराष्ट्रात कमी नसतील. स्ट्रएलकॉपीही येथे वाचवत नाही; तेही बाइटच मोजते. यूटीएफ-८ मध्ये मधला बाइट कोणता आणि आरंभीचा कोणता हे ओळखता येते, म्हणून मागे सरकून चिन्हाच्या सीमेवर कापणे शक्य आहे; पण तेवढ्यानेही भागत नाही. 'स्त्री' हे वाचणाऱ्याला एक अक्षर, संकेतात सहा चिन्हे, स्मृतीत अठरा बाइट. चिन्हाच्या सीमेवर कापूनही हाती 'स्त्' येऊ शकते.

ड्रेपर यांचा आक्षेप खरा मानून, मुळातच वेगळ्या वाटेने गेलेलेही होते. डॅनियल बर्नस्टीन यांनी १९९०च्या दशकात क्यूमेल हा टपाल पोहोचवणारा प्रोग्रॅम लिहिताना सीच्या लायब्ररीतली ही फंक्शने बाजूला ठेवली आणि पत्ता, लांबी व राखीव जागा अशा तिन्ही गोष्टी एकत्र बाळगणारी स्वतःची रचना केली. जागा कमी पडली तर ती वाढते. कापण्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणजे बीसीपीएलची लांबी मागच्या दाराने परत आली. सुरक्षेतली चूक दाखवणाऱ्यास त्यांनी १९९७ मध्ये ५०० डॉलरचे बक्षीस लावले होते. गिट या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनातही अशीच रचना आहे, आणि २०१८ पासून त्यात एक छोटी फाइल आहे जिच्यामुळे कोणी स्ट्रकॉपी किंवा स्ट्रएनकॉपी लिहिले तर कोड बांधलाच जात नाही. नव्याने घर बांधणाऱ्याला ही चैन परवडते. जुन्या वाड्यात राहणाऱ्याचे तसे नसते.

लिनक्सचे कर्नल हा असा वाडा. स्ट्रएलकॉपी तेथे फार पूर्वी घेतले गेले होते, आणि कालांतराने त्याचाही एक दोष उघड झाला. मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी सांगायची म्हणजे ती शेवटपर्यंत वाचावी लागते, मग उतरवायचे दहा बाइट का असेनात. मूळ मजकूर बेभरवशाचा असेल, त्याला मोर्तबच नसेल, तर हे सुरक्षित फंक्शन शेजाऱ्यांच्या खोल्या धुंडाळत जाते. म्हणून स्ट्रएसकॉपी आले. ते जागेपुरतेच वाचते, शून्याची हमी देते, आणि मजकूर कापला गेला तर लांबीऐवजी ऋण संख्येने त्रुटी कळवते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ते स्वीकारले, पण बराच काळ रेंगाळून. त्या स्वीकृतीसोबत त्यांनी लिहिलेली टीप या विषयातला महत्त्वाचा दस्तऐवज मानावी अशी आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नवे, अधिक चांगले फंक्शन आले की लोक जुने शोधून बदलण्याच्या अखंड मालिका पाठवू लागतात. काम कंटाळवाणे आणि क्षुल्लक दिसणारे, म्हणून तपासणाऱ्याचे लक्ष उडते. बदल शेकडो ठिकाणी, म्हणून सगळे चालवून पाहिले जात नाहीत. आणि कोठेतरी कोणी चूक करून बरे असलेले बिघडवते. म्हणून फंक्शन घेतो, पण डोळे झाकून केलेले बदल घेणार नाही.

ही भीती काल्पनिक नव्हती. स्ट्रएलकॉपी मूळची लांबी परत देते, स्ट्रएसकॉपी प्रत्यक्ष उतरवलेली. परत आलेली संख्या कोणी वापरत नसेल तर नाव बदलून काम होते. वापरत असेल तर पुढची तुलना उलटी पडते. दोन्ही ठिकाणी ओळ हुबेहूब सारखी दिसते. हस्तलिखिताची नक्कल करणाऱ्या लेखकाने चुकीचा समजून 'दुरुस्त' केलेला शब्दच पुढे पाठभेदाचे मूळ ठरतो, हे पाठचिकित्सा शिकलेल्यांना वेगळे सांगायला नको.

त्यामुळे काम सावकाश झाले. एकेक वापर वाचून, त्यामागचा हेतू ठरवून. स्ट्रएलकॉपी कर्नलमधून पूर्णपणे गेले ते जानेवारी २०२४ मध्ये, ६.८ या आवृत्तीच्या तयारीत. गंमत अशी की त्याच्या पाचच महिने आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, ग्नूच्या लायब्ररीने आपल्या २.३८ या आवृत्तीत तेच स्ट्रएलकॉपी अखेर स्वीकारले होते. तेवीस वर्षांचा नकार एका बाजूला संपला आणि दुसऱ्या बाजूला त्याच फंक्शनाची हकालपट्टी झाली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय आहेत. लायब्ररी सर्वांसाठी असते, आणि जे फंक्शन लोक आपापल्या प्रकल्पांत नक्कल करून वापरतच होते त्याची एक तपासलेली प्रत देणे तिचे काम होते. जून २०२४ च्या पॉसिक्स मानकातही ते आले. कर्नलला बेभरवशाच्या मजकुराशी रोज गाठ घालावी लागते.

उरले स्ट्रएनकॉपी. ते काढणे सर्वांत अवघड ठरले, कारण चाळीस वर्षांत एका नावाखाली तीन वेगळे हेतू नांदत आले होते. कोणाला शून्याने संपणारी स्ट्रिंग हवी होती. कोणाला तशी स्ट्रिंग हवी होतीच, शिवाय उरलेली जागा शून्यांनी भरायची होती, कारण ती जागा पुढे दुसऱ्या कोणाला द्यायची आणि तिच्यात आधीच्या कामाची गुपिते राहू नयेत. आणि कोणाला खरोखर तो जुना, शेवटी शून्य नसलेला, ठरावीक रुंदीचा रकाना हवा होता. ओळ पाहून यातला हेतू कोणता हे कळत नाही. ती जागा पुढे कोण वाचते ते शोधत जावे लागते. कर्नलच्या मार्गदर्शक कागदांत आता तिघांना तीन नावे दिली आहेत. पहिल्याला स्ट्रएसकॉपी, दुसऱ्याला स्ट्रएसकॉपी-पॅड. तिसरे काम आज स्ट्रटूमेम या फंक्शनाकडे आहे. नावाचा अर्थ एवढाच की स्ट्रिंग घ्यायची आणि साध्या स्मृतीत उतरवायची, शेवटी शून्य ठेवायचे नाही.